जामच्या गोट्यांची वाट

जाम नदीच्या काठावर, सावरगावच्या टोकाला, गजानन आणि विजयाचं नवं घर उभं राहिलं, आणि बघायला येणारी माणसं घरात शिरण्याआधी वाटेवरच थबकू लागली. पंच्याऐंशी-शहाऐंशीचं साल असेल. त्या काळात नवं घर बांधणारा माणूस आधी अंगणात सिमेंट ओतायचा आणि ते ओलं असतानाच त्यावर मोठ्या अभिमानानं साल कोरायचा. विजयानं मात्र पाया खणायच्या आधीच नवऱ्याला बजावलं होतं, "अंगणात सिमेंटचा थेंब पडू देणार नाही मी. वैशाखात तवा होते त्याचा."

विजया नदीपलीकडच्या पांढुर्ण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. माहेर तिचं सौंसरजवळच्या बोरगावचं. तिच्या वडिलांच्या संत्र्याच्या बागेत पायानंच पडलेल्या वाटा होत्या, अनवाणी चाललं तरी तळव्यांना गार वाटणाऱ्या. तसंच काहीतरी तिला इथं हवं होतं. ती सकाळी उठून हातात फक्कीची टोपली घेई, अंगणात पांढऱ्या रेघा ओढी, त्या रेघांवरून स्वतः चालून पाही आणि पायानं पुसून पुन्हा ओढी. गजानन ओट्यावर चहा पीत म्हणायचा, "अवं, रांगोळी काढून राहिली का नकाशा?" गजानन संत्र्यांचा व्यापारी होता. त्याच्याकडे एक जुनाट जीप होती, आणि ती फाटकातून मागच्या शेडपर्यंत पावसाळ्यात रुतल्याशिवाय जावी एवढीच त्याची अट होती.

तेव्हा जीपसाठी विजयानं दोन पट्टे आखले, चाकोरीसारखे. काळी माती खोल उकरून खाली मुठीएवढ्या दगडांचा जाड थर, वर तिगावकडून आणलेल्या काळ्या, चपट्या फरश्या, आणि दोन पट्ट्यांच्या मधे हरळी. ओट्यापासून तुळशीला वळसा घालून मागच्या झाडांपर्यंत जाणारी पायवाट मात्र तिनं जामच्या गोट्यांची केली. करडे, तांबूस, मधूनच गारगोटीचे पांढरे. कडेला अर्ध्या विटा तिरप्या पुरलेल्या. तुळशीजवळ वाळलेल्या बाभळीच्या बुंध्याच्या चकत्या. सगळं वाळूवर बसवलेलं, चुन्या-सिमेंटाशिवाय. दगडकाम करणारा चिंधू सावरगावचाच होता. भर उन्हाळ्यात, नदी आटलेली असताना, तो आणि विजया पात्रात उतरून एकेक गोटा निवडायचे. गोटा हातात फिरवून ती "हा नको, हा घे" म्हणायची, आणि चिंधू हसून म्हणायचा, "बाई, भाजी घेऊन राहिले का जी?"

वाट झाली आणि शेजारच्या मनकर्णामावशी बघायला आल्या. काठी टेकत त्या वाटेवरून शेवटपर्यंत गेल्या, परत आल्या.

"सुरेख झाली वं बाई," त्या म्हणाल्या. "पण पोळा झाल्यावर राहीन का?"

विजयाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं वळून नदीकडे पाहिलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पांढुर्ण्याच्यांनी झाड तोडून झेंडा न्यायचा, सावरगावच्यांनी तो नेऊ द्यायचा नाही, आणि त्यासाठी दोन्ही काठांवरून दिवसभर दगड. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. संध्याकाळी देवीच्या पाया पडायचं, आणि उद्या पुन्हा एकमेकांच्या दुकानात सौदा घ्यायला जायचं.

विजया लग्न होऊन पांढुर्ण्यात आली त्या वर्षी घरच्यांनी तिला कौतुकानं गच्चीवर नेलं होतं. तिनं फक्त एक माणूस पाहिला. दोघांच्या खांद्यावर हात टाकून तो येत होता आणि डोळ्यावर दाबून धरलेल्या रुमालातून रक्त ठिबकत होतं. ती तिथंच खाली बसली. त्यानंतर दरवर्षी गोटमारीच्या दिवशी ती आतल्या खोलीत, खिडक्या लावून, रेडिओ मोठा करून बसायची. नव्या घराची जागा नदीकाठी आहे म्हटल्यावर ती कितीतरी दिवस का-कू करत होती. मग घराच्या आणि वाटेच्या नादात विसरली. आता मावशींनी ते पुन्हा उकरून काढलं होतं.

आणि भीती नुसत्या गोट्यांची नव्हती. भीती प्रकाशची होती.

प्रकाश तिचा धाकटा दीर. ती सासरी आली तेव्हा तो शाळकरी पोर होता, आई नसलेला. तिच्या हातचं जेवून, तिच्या हातचा मार खाऊन वाढला. आता तो पांढुर्ण्यातल्या जुन्या घरात राहून बियाण्यांचं दुकान सांभाळायचा. आणि गोटमारीत पांढुर्ण्याकडून उतरायचा, तोही पुढच्या फळीत, कुऱ्हाड घेऊन झाडापर्यंत जाणाऱ्यांत. म्हणजे तो एका काठावर, आणि तिच्या अंगणातले गोटे दुसऱ्या काठावर. हे मनात आल्यापासून विजयाला त्या वाटेवर पाय ठेववेना. ती कडेच्या मातीतून चालू लागली.

त्या वर्षी श्रावणभर पाऊस लागला. जाम दोन्ही थड्यांना लागून वाहू लागली. पात्रातले गोटे पाण्याखाली गेले, उरलेल्यांवर गाळ बसला. त्यात बंदोबस्त कडक. बैलगाड्यांतून दगड आणून काठावर ढीग लावायला मनाई झाली. शाळेत बाकीच्या बाया म्हणायच्या, "बरं झालं, यंदा दगडच नाही त कमी लागन." विजया मान हलवायची आणि तिच्या डोळ्यांपुढं तुळशीला वळसा घालणारी ती वाट यायची.

"आपण ते गोटे उचलून टाकू," ती गजाननला म्हणाली.

"कुठी टाकतं? नदीत? म्हणजे त्यायच्या हातातच देल्ले." गजाननला ते हसण्यावारी न्यायचं होतं, पण तिचं तोंड पाहून त्यानं समजूत घातली. "आपल्या फाटकात कोणी शिरणार नाही. समदे ओळखीचे आहे."

विजयानं संत्र्याच्या गोण्यांची तरटं आणली आणि सगळी पायवाट झाकून वर मुरूम पसरला. रात्री वारा सुटला की तरटांची टोकं फडफडायची, आणि तिला वाटायचं कोणीतरी अंगणात चाललंय.

पोळ्याच्या दिवशी प्रकाश पुरणपोळी खायला आला. जेवण झाल्यावर विजयानं त्याला मागच्या दारी गाठलं.

"प्रकाश, उद्या जाऊ नको रे."

"वहिनी, दरसालचंच आहे तुझं हे."

"यंदा माझं ऐक. एक वर्ष."

तो हात पुसत उभा राहिला. क्षणभर तिला वाटलं, हा हो म्हणेल. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं खरं. मग तो हसला. "बरं. काठावर उभा राहीन. खाली उतरणार नाही. झालं?"

तो खोटं बोलतोय हे तिला कळलं. तरटाखाली काय आहे ते त्याला सांगावंसं वाटलं, पण जीभ रेटेना. सांगितलं असतं तर तो मोठ्यानं हसून ते पांढुर्णाभर करून आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच ढोल वाजू लागले. गजानन सदरा चढवत म्हणाला, "मी जाऊन पाहतो. प्रकाश खाली उतरला त बोलावून घेईन."

"दोन काठांच्या मधे नदी आहे. कसं बोलावाल?"

तो गेला. मनकर्णामावशी सोबतीला येऊन बसल्या. विजयानं खिडक्या लावल्या, रेडिओ लावला, पण त्या नव्या घराच्या भिंती नदीच्या इतक्या जवळ होत्या की रेडिओवरच्या गाण्याच्या आतूनही तो आवाज येत राहिला. आधी हजारो माणसांची गुणगुण. मग "भगाव, भगाव" अशी आरोळी. मग दगडावर दगड आपटल्याचा सुका आवाज, तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा. तो थांबला की आणखी भीती वाटायची, कारण थांबला म्हणजे कोणालातरी उचलून नेत असणार.

मावशी सुपारी कातरत होत्या. "घाबरू नको वं. माह्या नवऱ्याचं डोकं दोन खेपा फुटलं. चांगला म्हातारा होऊन मेला."

दुपार कलायला लागली तशी बाहेरची आरोळी जवळ आल्यासारखी वाटली. कुंपणाच्या तारा करकरल्या. विजया उठून दारात गेली. तिच्या अंगणात माणसं होती. चिखलानं भरलेले पाय, डोक्याला गमछे, कुणाच्या कपाळावर हळद भरलेली जखम. आणि सगळ्यांच्या पुढं चिंधू.

"घाबरू नका जी बाई. आपलीच माणसं आहे."

"काय पाहिजे?" तिनं विचारलं.

चिंधूनं तरटाकडे पाहिलं. "गोटे सरले. नदीत हात घातला त गाळ. पांढुर्णावाले झाडापाशी येऊन राहिले."

"ही वाट तू लावली, चिंधू. आपण दोघांनी लावली."

"म्हणून त मले ठाऊक आहे न कुठी काय आहे ते. उद्या सकाळी येतो अन् जशीच्या तशी लावून देतो. आईची आन."

"प्रकाश आहे तिकडे."

चिंधूनं खाली पाहिलं. "सगळ्यायचंच कोणी ना कोणी तिकडं आहे बाई. माही बहीण पांढुर्ण्यातच देल्ली. भाचा तिकडून मारून राहिला मले."

एवढं बोलून त्यानं तरटाचं टोक धरलं आणि ओढलं. मुरूम घसरून बाजूला पडला आणि खालचे गोटे पावसानं धुतल्यासारखे चमकले. मग त्यांना काही सांगावं लागलं नाही. माणसं वाकली. वाळूत बसवलेला गोटा निघायला काय लागतं? अंगठा घातला की निघतो. गमछ्यांत, धोतराच्या ओच्यात, रिकाम्या गोण्यांत गोट्यांवर गोटे पडू लागले. विजया चौकट धरून उभी होती. ओरडावं, आडवं पडावं, काहीतरी करावं असं तिला वाटत होतं, पण चौकट तिच्यानं सोडवेना. तिच्या ओरडण्यानं थांबली असती ती माणसं? की त्यांनी तिला नुसतं बाजूला केलं असतं? तिला त्यांची भीती वाटत होती. ओळखीच्या माणसांची, रोज रस्त्यात "काय बाई, शाळेत का?" विचारणाऱ्यांची.

पायवाट संपली तेव्हा कोणीतरी पहार आणली. चाकोरीच्या फरश्या उलथून बाजूला टाकल्या आणि खालचा थर उपसायला घेतला. मुठीएवढे दगड. हेच तर त्यांना हवं होतं. निम्म्या पट्ट्यात काळ्या मातीचे खड्डे उरले आणि माणसं निघून गेली. अंगण नांगरल्यासारखं दिसत होतं.

"मावशी, मी वर जाते," विजया म्हणाली.

"नको वं."

पण ती गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गच्चीच्या कठड्याशी पोचेपर्यंत तिनं डोळे मिटूनच घेतले होते. उघडले तेव्हा खाली गढूळ नदी, दोन्ही काठ माणसांनी काळे झालेले, आणि मधे तो पळस, त्याच्या शेंड्यावर झेंडा. पांढुर्ण्याची माणसं कमरेएवढ्या पाण्यात होती. डोक्यावर हात धरून पुढं सरकायची, मागं हटायची. त्यांच्यात प्रकाश कुठला हे तिला शोधावं लागलं नाही. चालताना डावा खांदा पुढं टाकायची त्याची लकब ती त्याच्या लहानपणापासून पाहत आली होती. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. तो झाडापासून चार हातांवर होता.

या काठावरून दगडांचा मारा सुरू झाला. इतका वेळ थंडावलेला, आता अचानक भरघोस. विजयाला ठाऊक होतं तो का वाढला ते.

प्रकाशनं कुऱ्हाड उचलली आणि तो बसला. पडलाही नाही, नुसता पाण्यात बसला, कोणीतरी बस म्हटल्यासारखा. मग त्याचं डोकं पाण्याखाली गेलं.

जिना ती कशी उतरली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. फाटकाशी पोचली तेव्हा काठावरून माणसं येत होती. पांढुर्ण्याच्यांना त्याच्यापर्यंत पोचता आलं नव्हतं. सावरगावच्यांनीच पाण्यात उड्या मारून त्याला ओढून काढलं होतं आणि गजानन, चिखलानं माखलेला, त्याचे पाय धरून धावत होता. प्रकाशची मान एका बाजूला लोंबत होती. कानामागून रक्त येत होतं, आणि डोळे अर्धवट उघडे होते.

पलीकडच्या गल्लीतले भगवंतराव, जुने कंपाउंडर, पिशवी घेऊन आले. त्यांनी जखम पुसली, पट्टी आवळली, नाडी पाहिली. मग गजाननला बाजूला घेतलं. पण विजयाला ऐकू आलं.

"टाके मी घालीन हो, पण डोक्याच्या आत काय झालं ते मले काय दिसते? पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

"पुलावर मुंगी शिरत नाही," कोणीतरी म्हणालं.

"मग सौंसरले न्या."

गजानननं शेडमधून जीप काढली. प्रकाशला मागं निजवलं, विजयानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. जीप पुढं सरकली, उपसलेल्या चाकोरीवर आली आणि उजवीकडे कलली. गजानननं जोर दिला. चाकं फिरली, चिखल उडाला आणि जीप आणखी खाली बसली. त्यानं मागं घेऊन पाहिलं. मग मागंही येईना. श्रावणभर पाणी प्यालेली ती काळी माती. दहा-बारा माणसांनी धक्का दिला तर त्यांचेच पाय पोटरीपर्यंत गेले. प्रकाशला उचकी लागावी तसा ओकारीचा उमासा आला आणि तो पुन्हा निपचित पडला.

फाटकाबाहेर माणसं जमली होती. विजयानं वर पाहिलं. त्यांच्या गमछ्यांत, ओच्यांत, गोण्यांत अजून दगड होते.

तिनं प्रकाशचं डोकं मागोमाग जीपमध्ये चढलेल्या मावशींच्या मांडीवर दिलं, जीपमधून खाली उडी मारली आणि ओरडली. "इकडे आणा! सगळे दगड इकडे आणा! चाकाखाली टाका!"

कोणी हललं नाही. मागून एका पोरानं म्हटलं, "अन् झेंडा गेला त?"

विजया त्या पोराकडे पाहत राहिली. हे आता नाही म्हणतील, असं तिला स्पष्ट दिसलं. इथं अंगणात उभे राहतील आणि प्रकाश मांडीवर संपेल.

"जाऊ दे गेला त," चिंधू म्हणाला आणि त्यानं गमछा सोडला. खड्ड्यात गोटे पडले. तो गुडघ्यांवर बसला आणि हातानं ते दाबू लागला. "असे उभे नको टाकू बे! आडवे टाक! मोठे खाली! बाई, ती फरशी द्या इकडं!"

मग सगळेच वाकले. थोड्या वेळापूर्वी जे हात दगड उपसत होते तेच आता भराभर भरू लागले. विजयाही चिखलात बसली. वाट लावताना किती निगुतीनं, किती वेळ घेऊन केलं होतं हे सगळं. आता रंग नाही, आकार नाही, जो हाताला लागेल तो. नखं निघतात की काय असं झालं तरी ती दाबत राहिली. चिंधूनं उलथलेल्या फरश्या वर टाकल्या आणि गजाननला हात केला. जीप गुरगुरली, एकदा घसरली, मग दगड करकरले आणि ती चढून फाटकाबाहेर पडली. विजया धावत जाऊन मागं चढली आणि मावशींना उतरवून तिनं त्याचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं.

सौंसरचा रस्ता त्या काळी म्हणजे खड्ड्यांना जोडणारं थोडं डांबर. प्रत्येक गचक्याला विजया दोन्ही हातांनी त्याचं डोकं उचलून धरायची. भगवंतरावांनी बजावलं होतं, त्याला झोपू देऊ नका, बोलत ठेवा. म्हणून ती बोलत होती. काय बोलत होती देव जाणे. तो लहानपणी हौदात पडला होता ते, त्याच्या दुकानातल्या सरकीच्या बियाण्याचं, कालच्या पुरणाचं. कोणाच्या तरी गमछ्यातून निसटलेला एक गोटा जीपमध्ये गडगडत होता आणि दर वळणाला तिच्या पायाला येऊन लागत होता. तो उचलून फेकावा म्हणून तिनं हात पुढं केला, पण त्याला शिवायची हिंमत झाली नाही. तिनं पाय वर घेतले.

तिच्या माहेरची शेतं दिसू लागली तेव्हा प्रकाशनं ओठ हलवले.

"वहिनी."

"काय रे? बोल. बोल न."

"माह्या चपला राहिल्या नदीत."

विजया हसली की रडली हे गजाननला पुढच्या सीटवरून कळेना. "नव्या घेऊ," ती म्हणत राहिली. "नव्या घेऊ राजा. तू बोलत राहा."

सौंसरच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि नागपूरला धाडलं. नागपूरला डोक्याचं ऑपरेशन झालं. किती दिवस ती माणसं दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होती! डॉक्टर दार उघडून बाहेर आला की विजया त्याच्या तोंडाकडे न बघता बुटांकडे बघायची. प्रकाश वाचला. डाव्या कानानं मात्र त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही, आणि वरचेवर डोकं दुखायचं ते आयुष्यभर राहिलं. झेंडा त्या वर्षी पांढुर्ण्यानं नेला. सावरगावात काही म्हातारे पुढं बरीच वर्षं म्हणत, चिंधूच्यापायी गेला. चिंधू ऐकून घ्यायचा.

गजानन-विजया नागपूरहून परत आल्यावर चिंधू दारात येऊन उभा राहिला. "बाई, वाट लावून देतो म्हटलं होतं."

"लावू," विजया म्हणाली. "पण मुठीत मावेल असं काही नको आता."

गजानन सिमेंट म्हणत होता. तिनं नाहीच म्हटलं. जीपच्या चाकोरीवर दोघांना उचलणार नाहीत अशा जाड शिळा बसवल्या, आणि त्यांच्याखाली दगडांऐवजी मुरूम कुटून कुटून भरला. पायवाट चाळलेल्या मुरमाची, शेण-मातीत कालवून धुम्मसनं ठोकलेली, कडेला विटांऐवजी गवती चहाचे ठोंब. पाऊस पडला की पायांना चिकटायची, पण उन्हाळ्यात अनवाणी चालायला बोरगावच्या वाटांसारखीच लागायची. गोट्यांची वाट जास्त देखणी होती असं बघायला येणारे म्हणत.

पुढच्या पोळ्याला प्रकाश पुरणपोळी खायला आला आणि परत गेलाच नाही. अंथरूण टाकून झोपला. सकाळी ढोल वाजायला लागले तसं विजयानं नेहमीप्रमाणे आतल्या खोलीच्या खिडक्या लावल्या. ती वळली तर तो दारात उभा.

"मी बसू का इथं?"

"बस न."

तो भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला. बाहेर "भगाव, भगाव" सुरू झालं. विजयानं रेडिओकडे हात नेला आणि थांबली, कारण तो दोन्ही हात मांडीखाली दाबून धरत होता.

"भेव वाटते?" तिनं विचारलं.

"दरसाल वाटे." तो तिच्याकडे न बघता बोलला. चांगला कान तिच्याकडे होता. "पाण्यात उतरलो की पायच नसत वाटत. पण घरी बसलो त पोट्टे काय म्हणतीन? तू त्या दिवशी मागच्या दारी म्हटलं न, जाऊ नको... लय वाटलं होतं वहिनी, हो म्हणाव."

"मग म्हटलं का नाही रे?"

बाहेर पुन्हा आरोळी उठली आणि तो दचकला. विजया उठली, तिनं दाराला आतून कडी घातली आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. आवाज थांबेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.